माझ्या भुलीचा कागद

भूलतज्ज्ञ स्वतःच पेशंट झाला की पहिला प्रश्न पडतो तो भूल कोणाकडून घ्यायची हा. सर्जन ठरवणं त्या मानाने सोपं. कोणाच्या हाताखाली रक्त कमी जातं, अडचण आली की कोण शांत होतो आणि कोण आवाज चढवतो, हे पडद्याच्या अलीकडे बसून वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. आपल्याच धंद्यातल्या माणसाचं काम मात्र फारसं बघायला मिळत नाही. आपण आपल्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात), दुसरी भूलतज्ज्ञ तिच्या. तिच्याबद्दल जे कळतं ते सिस्टरांकडून, आणि सिस्टर बहुतेक वेळा खरं तेच सांगतात.

मला पित्ताशयात खडे झाले होते. रात्री-अपरात्री उजव्या बरगडीखाली कळ उठायची, पाठीत जायची आणि उजाडेपर्यंत ठाण मांडून बसायची. दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकायचं ठरलं. भुलीसाठी मी जिला सांगितलं ती माझ्याहून बरीच लहान, शिकत असताना माझ्या हाताखाली होती. तिचा हात काही झरझर चालत नाही आणि बोलणंही बेताचं. पण केस सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ती पेशंटच्या उशाशी असते. फोन आला म्हणून बाहेर जाणार नाही, सगळं स्थिर आहे म्हणून खुर्ची मागे ओढणार नाही. मला एवढंच हवं होतं.

तपासणीच्या दिवशी मी म्हणून पाहिलं, "अगं, तुला सगळं माहीतच आहे. फॉर्म मीच भरून देते." तिने फॉर्म स्वतःकडे ओढला. "मॅडम, तुम्ही बसा. मी विचारते." आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. याआधी कधी भूल घेतली आहे का? घरात कुणाला भुलीमुळे त्रास झाला होता का? जिने चढताना धाप लागते का? घोरता का? छातीत जळजळ? दात हलतोय, कवळी, कॅप? कोणती औषधं चालू आहेत, स्वतःच्या मनाने घेतलेली धरून?

हेच प्रश्न मी आयुष्यभर विचारत आले. उत्तर देणाऱ्याच्या खुर्चीतून ते जरा चौकशी केल्यासारखे वाटतात, हे खरं. पेशंट इथे का दडवतात तेही समजतं. घोरण्याबद्दल नवऱ्यासमोर कोण बोलेल? सिगारेट ओढतो हे बायकोसमोर कोण कबूल करेल? त्यातून बहुतेकांचा समज असा की भुलीचं म्हणजे एक इंजेक्शन, त्याचा दातांशी काय संबंध? संबंध असा की झोप लागल्यावर श्वास आमच्या हातात येतो. घशातून श्वासनळीत ट्यूब टाकताना हलणारा दात निसटला तर तो फुप्फुसात जाऊ शकतो. झोपेत श्वास अडकणारा माणूस भूल उतरताना आणि रात्री वेदनाशामक दिल्यावर जास्त अडकतो. आणि घरातल्या कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, हा नुसता उपचार वाटणारा प्रश्न तर सगळ्यात महत्त्वाचा. काही घराण्यांत अशी जनुकं असतात की भुलीच्या वायूंनी स्नायू पेटल्यासारखे तापतात, अंगाचा ताप झपाट्याने चढतो आणि जीव जाऊ शकतो. हे रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. कधीकाळी ऑपरेशन टेबलावर दगावलेल्या एखाद्या काकाच्या गोष्टीत मात्र त्याचा माग लागतो.

मग तिने तोंड उघडायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली, मान मागे करायला लावली. पडजीभ किती दिसते, हनुवटीपासून कंठापर्यंत अंतर किती, हे बघून ट्यूब टाकणं सोपं जाईल की अवघड याचा अंदाज येतो. "दुसरा वर्ग," ती म्हणाली. मला आरशात पहिला वाटला होता.

शेवटचा प्रश्न गाडी लागण्याचा. लागते, आणि भयंकर लागते. तिने बोटांवर मोजलं: बाई, सिगारेट नाही, गाडी लागते, नंतर अफूवर्गीय वेदनाशामक लागणार. चारही. १९९९ मध्ये आपफेल नावाच्या जर्मन भूलतज्ज्ञाने बसवलेला हा साधा हिशोब आहे. चारपैकी एकही नसेल तर भुलीनंतर उलट्या होण्याची शक्यता सुमारे १० टक्के, चारही असतील तर ८० च्या आसपास. सिगारेट न ओढणं इथे विरुद्ध बाजूला मोजलं जातं, हे पेशंटला सांगायचं मी सहसा टाळते. "भुलीच्या गॅसने उलट्या वाढतात, तो देतच नाही तुम्हाला," ती म्हणाली. "सगळी भूल शिरेतून देऊ."

उपाशी राहण्याबद्दल मात्र आमचं वॉर्डाशी वाजलं. हलकं खाल्लं असेल तर सहा तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हा नियम आता जगभर मान्य आहे. तरी सकाळच्या केसला आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही नाही, ही जुनी रीत कितीतरी वॉर्डांतून जात नाही. मी पहाटे थायरॉइडची गोळी घेऊन चांगलं ग्लासभर पाणी प्यायले. सिस्टर धावत आल्या. "मॅडम, एनबीएम आहात ना तुम्ही!" एनबीएम म्हणजे तोंडाने काहीही घ्यायचं नाही. मी म्हटलं, आठला घ्यायचंय, आत्ता साडेपाच वाजलेत. "तुम्ही लिहून द्या." दिलं लिहून.

त्यांचीही चूक नाही. भीती खरी आहे. भुलीत घशाची राखण झोपते, पोटातलं अन्न किंवा आम्ल वर आलं तर ते सरळ फुप्फुसात उतरतं. १९४६ साली न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन या प्रसूतितज्ज्ञाने ४४ हजारांहून अधिक बाळंतपणांच्या नोंदी चाळून असे ६६ प्रसंग मांडले, तेव्हापासून उपवासाला धार आली. पण पाणी पोटातून लवकर पुढे सरकतं. दहा-बारा तास कोरड पडलेला, चिडलेला, डोकं दुखणारा पेशंट टेबलावर घेऊन कुणाचंच भलं होत नाही. शीर सापडत नाही ती वेगळीच.

ट्रॉलीवर आडवं पडून छताचे दिवे बघत ओटीत जाण्याबद्दल लोकांनी पुष्कळ लिहिलंय, ते मी सोडते. मला जाणवला तो आवाज. उभं असताना ओटी शांत वाटते. आडवं झाल्यावर कळतं की ट्रेमध्ये टाकलेली प्रत्येक कात्री डोक्यात वाजते, कोणीतरी कालच्या ड्यूटीवरून कोणाशी तरी भांडतंय आणि सक्शन तपासताना येणारा तो ओढल्यासारखा आवाज पेशंटला अजिबात आवडणार नाही असा आहे. टेबल अरुंद आणि गार. वॉर्डबॉय मामांनी अंगावर गरम चादर टाकली तेव्हा त्यांना काय देऊ नि काय नको असं झालं.

सिस्टर कागद घेऊन आल्या. "तुमचं पूर्ण नाव सांगा." ह्याच सिस्टरबरोबर मी इतकी वर्षं काम केलंय. मी हसले, त्या हसल्या नाहीत. नाव, कोणतं ऑपरेशन, कशाची ॲलर्जी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेली ही यादी ओळखीच्या माणसाला सवलत देत नाही. ओळखीतच गोष्टी राहून जातात.

मनगटाला सुई, छातीवर चिकटपट्ट्या, बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा. आणि मग तो ओळखीचा स्वर सुरू झाला. या चिमट्याची कल्पना १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या ताकुओ आओयागी यांना सुचली. त्याआधी रक्तातला ऑक्सिजन कमी झाला हे ओठ निळे पडल्यावर कळायचं, म्हणजे उशिराच. आता मॉनिटरकडे पाठ असली तरी कळतं, कारण सॅच्युरेशन उतरलं की स्वरही उतरतो. भूलतज्ज्ञाच्या कानाला तो उतार झोपेतही टोचतो. माझा स्वर चढाच होता, पण जरा घाईत. नाडी ९६. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, तुम्ही आकडे मोजताय. डोळे मिटा."

मग मास्क. इथे मात्र सांगण्यासारखं आहे. झोपवण्याआधी तीनेक मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात. फुप्फुसांतला नायट्रोजन धुऊन निघतो, त्या जागी ऑक्सिजनचा साठा भरतो. साध्या हवेवर असलेल्या माणसाचा श्वास थांबला तर मिनिटाभरात सॅच्युरेशन घसरू लागतं. हा साठा भरलेला असला की धडधाकट माणसाला सात-आठ मिनिटं मिळू शकतात. ट्यूब टाकायला वेळ लागला तर तो याच शिलकीतून खर्च होतो. म्हणून मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवावा लागतो, बाजूने हवा आली तर शिल्लक साठत नाही. "नुसता ऑक्सिजन आहे, मोठे श्वास घ्या," हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल. आतून वेगळंच वाटतं. रबराचा वास, स्वतःच्या श्वासाची वाफ, आणि श्वास घ्यायला किंचित जोर लागतोय अशी शंका. ऑक्सिजन भरपूर येत असतो, पण शरीराला ते पटत नाही. बोलताही येत नाही, कारण बोललात तर मास्क हलतो.

आधी फेंटानिल हे अफूवर्गीय वेदनाशामक गेलं. छातीत हलकीशी ऊब, एक ठसका, आणि कशाचीच फारशी फिकीर नाही अशी अवस्था. मग झोपवणारं प्रोपोफॉल. पांढरं दिसतं म्हणून आम्ही त्याला दूध म्हणतो. औषध पाण्यात विरघळत नाही, सोयाबीनच्या तेलात आणि अंड्यातल्या लेसिथिनमध्ये घोळवून आणलेलं असतं, त्याचा तो रंग. आधी बधिर करायला लिग्नोकेन दिलं होतं तरी ते कोपरापर्यंत चावत गेलं. मी ठरवून बसले होते की नेमका कोणता क्षण शेवटचा ते पकडायचं. कोपराच्या वर काय झालं, मला माहीत नाही.

पुढचे दीड तास माझ्याकडे नाहीत. ते तिच्याकडे आहेत, एका कागदावर.

घरी जाण्याआधी मी त्या चार्टची प्रत मागून घेतली. असा कागद ठेवायची सुरुवात १८९४-९५ च्या सुमारास बॉस्टनमध्ये झाली. हार्वे कुशिंग आणि अमोरी कॉडमन हे वैद्यकीय विद्यार्थी तेव्हा ईथर द्यायचे. त्या काळी भूल विद्यार्थ्यांच्याच गळ्यात पडे. कुशिंगच्या हातून भूल घेताना एक पेशंट दगावला. त्यानंतर दोघांनी पैज लावली की कोण चांगली भूल देतो ते बघू, आणि नाडी-श्वासाच्या नोंदी कागदावर ठेवू लागले. पुढे १९०१ मध्ये कुशिंगने इटलीत पाव्हियाला रक्तदाब मोजायचा पट्टा पाहिला, तोही अमेरिकेत नेला. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा हा मोठा माणूस, आमच्या लेखी मात्र आधी चार्टवाला.

माझा कागद हाताने लिहिलेला, पाच-पाच मिनिटांचे रकाने. प्रोपोफॉल १२० मिलिग्रॅम. स्नायू सैल करणारं ॲट्राक्युरियम ३०. ट्यूब सात नंबरची, ओठांपाशी २० सेंटिमीटरवर बांधली. डोळ्यांना पट्टी, कारण भुलीत पापण्या पुरत्या मिटत नाहीत आणि बुबुळ कोरडं पडतं. डेक्सामेथासोन झोप लागल्यानंतर. हे वाचून मला तिचं कौतुक वाटलं. उलट्या टळाव्यात म्हणून देतात ते, पण जागेपणी भराभर दिलं तर नको त्या जागी अशी विलक्षण आग होते की पेशंट टेबलावरून उठून बसतो. ज्याने एकदा पाहिलंय तो क्रम चुकत नाही.

आठ चाळीसपर्यंत सगळं सरळ. रक्तदाबाचा बाण वर, बाण खाली, मध्ये नाडीचं टिंब, रांगोळीचे ठिपके घातल्यासारखी ओळ. मग आठ चाळीस आणि पंचेचाळीसच्या मधल्या एका रकान्यात तिने नाडीचे तीन आकडे कोंबलेत: ५८, ४४, ७२. अक्षर बारीक, पण गिचमिड नाही. बाजूला लिहिलंय: गॅस बंद, ॲट्रोपिन ०.६, पुन्हा सुरू ८.४५.

तिथे काय झालं ते मला न सांगताही दिसतं. दुर्बीण आत घालण्याआधी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, १२ ते १५ मिलिमीटर दाबापर्यंत, म्हणजे आतड्यांपासून पोटाची भिंत उचलली जाते आणि काम करायला जागा होते. आतलं आवरण एकदम ताणलं गेलं की व्हेगस नावाची नस हृदयाला लगाम घालते. नाडी घसरते, कधी कधी हृदय काही सेकंद थांबतंही. मॉनिटरचे टिक-टिक लांबतात. अशा वेळी औषध भरायच्याही आधी सर्जनला सांगायचं असतं, गॅस सोडा. दाब गेला की बहुतेक वेळा नाडी आपसूक वर येते. तिने काय शब्द वापरले माहीत नाही, पण आवाज चढवला नसणार. आणि नाडी वाढवणारं ॲट्रोपिन सिरिंजमध्ये आधीच भरलेलं होतं. नाहीतर एवढ्यात ७२ झाले नसते.

जी उशाशी बसलेली नसते तिच्या चार्टवर ४४ दिसत नाही. आठ चाळीसला ७०, पंचेचाळीसला ७२, सगळं छान.

त्यानंतर कागद पुन्हा कंटाळवाणा होतो, आणि तसाच व्हायला हवा. टेबल डोक्याकडून उचललं, रक्तदाब थोडा उतरला, सलाईन वाढवलं. पोटातला कार्बन डायऑक्साइड रक्तात मुरून श्वासातून बाहेर पडताना ३४ चा ४० झाला, तिने व्हेंटिलेटरची गती वाढवली, तो ३६ वर आला. मेंदू किती गाढ झोपलाय ते सांगणारा कपाळावरच्या पट्टीचा आकडा ४० ते ५५ च्या दरम्यान. गॅसशिवायच्या भुलीत हा आकडा मला हवाच होता, कारण शिरेतली नळी निसटली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर पेशंट आतून जागा आणि बाहेरून निश्चल, असा प्रकार होऊ शकतो. लोकांना भुलीची जी भीती असते ती बहुतांशी हीच. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०१४ साली मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, तीत असा अनुभव स्वतःहून सांगणारे सुमारे १९ हजारांत एक निघाले. स्नायू सैल करणारं औषध दिलेल्यांत साधारण ८ हजारांत एक. मला ते औषध दिलं होतं, म्हणजे माझा आकडा दुसरा.

शेवटच्या ओळी: उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन, पॅरासिटामॉल, टाक्यांपाशी बधिर करणारं औषध. स्नायूंची ताकद यंत्रावर ९० टक्क्यांच्या वर. डोळे उघडते, सांगितलेलं ऐकते, पाच सेकंद मान उचलते. ट्यूब काढली, ९.३५.

मी मान उचलली होती! पाच सेकंद. कोणाच्या सांगण्यावरून, काहीही आठवत नाही.

माझी आठवण सुरू होते रिकव्हरीत, थंडीने दात वाजत असताना. भुलीत कातडीच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, आतली उष्णता बाहेर पसरते, पहिल्याच तासात आतलं तापमान अंशभर किंवा थोडं जास्त उतरतं. मग मेंदू जागा झाला की हिशोब चुकता करायला निघतो. मी विचारलं, "झालं का?" सिस्टर म्हणाल्या, "झालं मॅडम, आणि तुम्ही तिसऱ्यांदा विचारताय." नवरा बाहेर घाबरला होता, की हिला काही लक्षातच राहत नाही. राहत नाहीच, थोडा वेळ.

उलटी झाली नाही. ८० टक्क्यांची पैज तिने जिंकली. घसा दुखत होता, तो ट्यूबमुळे, दोन दिवसांत जातो. टाके सुसह्य. पण उजवा खांदा असा ठणकत होता की कोणी हात पिरगळून ठेवलाय. पोटात उरलेल्या वायूने पोट आणि छातीमधला पडदा चिडतो, आणि त्या पडद्याची नस मानेतून जिथून निघते तिथूनच खांद्याची संवेदनाही जाते, म्हणून मेंदूला दुखणं खांद्यात वाटतं. हे मला परीक्षेपासून पाठ आहे. पण ज्या पेशंटला आधी सांगितलेलं नसेल त्याला रात्री दोन वाजता हार्ट अटॅकच आला असं वाटेल, याबद्दल आता मला काही शंका नाही. पाय पोटाशी घेऊन पडून राहिल्यावर आणि थोडं चालल्यावर बरं वाटलं.

कामावर परतले तेव्हा तिने विचारलं, "काही सुचवायचंय का मॅडम?" मी म्हटलं, खांद्याचं आधी सांगत जा, आणि सगळ्यांनाच सांग. ते तिने लगेच मान्य केलं. दुसरं मास्कचं. पहिले काही श्वास तो चेहऱ्यापासून बोटभर वर धरावा, पेशंटला खात्री पटू द्यावी, मग टेकवावा. हे तिला पटलं नाही. "तेवढी मिनिटं वाया जातात. शिल्लक भरायला सुरुवातच उशिरा होते. तुमची नाडी ९६ होती, ती मास्कने नाही, मॉनिटर ऐकून." वाद बराच चालला. मी आता सवड असलेल्या केसला मास्क पेशंटच्याच हातात देते. स्वतःच्या हाताने माणूस तो उलट जास्त घट्ट धरतो, असं माझं निरीक्षण आहे. तिचं म्हणणं, झोप लागली की हात सुटतो आणि मग आपली धांदल. आमच्याकडे शिकायला आलेली मुलं सध्या दोन्ही पद्धती शिकतात, आणि परीक्षेत कोणती सांगायची ते आम्हाला विचारत नाहीत.